कासरा कुणाच्या हातात? एडासवाली गाडी नव्याने घेतलेल्यांसाठी

आमचे आजोबा सांगायचे, आठवडी बाजार करून परत यायला रात्र झाली की गाडीवान खुशाल कडब्यावर आडवा व्हायचा आणि बैल त्याला बरोब्बर घरी आणून सोडायचे. रस्ता पाठ असायचा त्यांना. आता हे आठवायचं कारण म्हणजे मागच्या दीडेक वर्षात ओळखीतल्या ज्यांनी ज्यांनी एडासवाली (म्हणजे कॅमेरा-रडारच्या जोरावर वेग, ब्रेक आणि स्टिअरिंगला मदत करणारी) गाडी घेतली त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात हेच चित्र आहे, एक्सप्रेसवेला लागलो, बटण दाबलं, आता गाडी बघून घेईल. पण बैलात आणि गाडीत एक फरक आहे राव, बैलाला स्वतःचा जीव असतो. समोर खड्डा दिसला तर तो काही तुमच्या प्रेमापोटी थांबत नाही, आपला पाय मोडू नये म्हणून थांबतो. गाडीला तसलं काही नाही. तिला जे दिसलं नाही ते तिच्या लेखी रस्त्यावर नाहीच.

गंमत म्हणजे ज्यांनी या विषयाचा अभ्यास केलाय त्यांनाही जनावरच आठवलं होतं. २००३ मध्ये नासातल्या संशोधकांनी माणूस आणि स्वयंचलित वाहन यांच्यातलं नातं कसं असावं हे सांगताना घोडा आणि स्वाराचं उदाहरण घेतलं, लगाम ताणून धरला की ताबा जास्त स्वाराकडे, सैल सोडला की घोड्याला मोकळीक, पण दोन्ही वेळेला लगाम हातातच. हे एवढं डोक्यात बसलं तर खालचं सगळं सोपं आहे.

मी काही इंजिनियर नाही या क्षेत्रातला. पुण्यात राहतो, कामासाठी महिन्यातनं तीन-चार वेळा मुंबई आणि सणासुदीला सांगलीकडे गाव, त्यामुळे एक्सप्रेसवे आणि सातारा रोड दोन्ही भरपूर. गाडी कुठल्या कंपनीची ते सोडा, कारण हे सगळं थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू आहे.

आधी हे लेव्हल प्रकरण

शोरूममधला मुलगा 'लेव्हल टू' असं म्हणतो आणि आपण मान डोलावतो. एसएई नावाची इंजिनियर लोकांची संस्था आहे, तिने २०१४ मध्ये शून्य ते पाच अशा लेव्हल ठरवल्या, त्यातली ही दोन नंबरची. दोनमध्ये गाडी स्टिअरिंग आणि वेग दोन्हीत एकाच वेळी मदत करू शकते, पण रस्त्यावर नजर ठेवायचं काम पूर्णपणे तुमचं. तीनपासून खेळ बदलतो, तिथे ठरावीक परिस्थितीत गाडी स्वतः जबाबदारी घेते आणि तुम्हाला बोलावेल तेव्हा यायचं असतं. आपल्याकडे २०२१ मध्ये एक्सयूव्ही ७०० आली तेव्हापासून एडास घरोघरी बोललं जायला लागलं, आता तर छोट्या एसयूव्हीतही मिळतं, पण हे सगळं एक किंवा दोनच आहे. दोन म्हणजे 'अर्धी गाडी चालवते, अर्धी मी' असं वाटतं ना, तसं नाहीये. काम अर्धं-अर्धं, जबाबदारी शंभर टक्के तुमची. पोलीस पंचनामा करतील तेव्हा ड्रायव्हरच्या रकान्यात रडारचं नाव लिहिणार नाहीत.

पहिली पायरी: गाडी पार्किंगमध्येच असताना

डिलिव्हरी घेतली, पेढे वाटले, आता एक अर्धा तास काढा आणि गाडीचे डोळे कुठेत ते बघा. एक कॅमेरा समोरच्या काचेवर आतल्या आरशाच्या मागे असतो. रडार असेल तर ते पुढे लोगोच्या मागे किंवा खाली बंपरच्या जाळीत. बऱ्याच गाड्यांत मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांतही असतात. या जागा सोडून बाकी गाडीला काय सजवायचं ते सजवा.

हे मी का सांगतोय तर माझा पहिला दसरा. पूजा केली, झेंडूचा चांगला जाडजूड हार बांधला, मधोमध लिंबू-मिरची, आईने काचेवर कुंकवाने स्वस्तिक काढलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मुंबईला निघालो, सोमाटण्याच्या पुढे क्रूझ (ठरवून दिलेला स्पीड गाडीने स्वतः धरायची सोय) लावायला गेलो तर लागेचना, स्क्रीनवर मेसेज की पुढचा रडार ब्लॉक आहे. मी घाबरलो, नवी कोरी गाडी आणि बिघाड! सर्व्हिसवाल्याला फोन लावला तर तो पलीकडनं शांतपणे विचारतो, "सर, हार काढलाय का?" त्याला त्या सकाळी हा पाचवा फोन होता म्हणे. तर हार बांधा पण रात्री सोडून ठेवा, आणि लिंबू-मिरची जरा बाजूला. फास्टॅगसुद्धा कॅमेऱ्याच्या समोर चिकटवू देऊ नका, तो पोरगा घाईत कुठेही चिकटवतो. बुलगार्ड तर बेकायदाच आहे आणि वर रडारच्या नेमका आडवा येतो.

मग मॅन्युअल. हो, माहितीये, कोणी वाचत नाही. पूर्ण नका वाचू, फक्त एडासच्या प्रकरणातलं जिथे जिथे 'ओळखू शकणार नाही' किंवा 'काम करणार नाही' असं लिहिलंय तेवढं वाचा. ती यादी इतकी लांब असते की वाचून हसू येतं, ऊन समोरून आलं, पाऊस आला, वळण आलं, पट्टे पुसलेले असले, पुढची गाडी फार उंच असली, फार बुटकी असली. कंपनीने आपली कातडी वाचवायला लिहिलंय हे खरं, पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मी पुढे रस्त्यावर खरं होताना बघितलंय.

दुसरी पायरी: सोपवण्याआधी काढून घ्यायला शिका

सगळे जण उलटं करतात. आधी क्रूझ कसं लावायचं ते शिकतात, मग लेन असिस्ट (गाडीला लेनमध्ये ठेवायला स्टिअरिंगला मदत करणारं), आणि काढून कसं घ्यायचं ते वेळ आली की बघू. माझं म्हणणं, रविवारी सकाळी लवकर एखाद्या मोकळ्या, सरळ, डिव्हायडरवाल्या रस्त्यावर जा आणि तासभर फक्त ताबा परत घ्यायची प्रॅक्टिस करा. लावा, काढा, लावा, काढा. ब्रेकला हलका पाय लावून काढा. बटणाने काढा, आणि ते बटण न बघता अंगठ्याला सापडलं पाहिजे. लेन असिस्ट चालू असताना स्टिअरिंग स्वतः फिरवून बघा, किती जोर लावल्यावर ते ऐकतं. गाडी तुमच्याशी भांडत नाही, फक्त हात धरून ठेवल्यासारखं करते, थोडा जोर लावला की सोडते. पण पहिल्यांदा हा विरोध हाताला लागला की माणूस दचकतो, आणि ऐंशीच्या स्पीडला दचकण्यापेक्षा चाळीस-पन्नासला दचकलेलं बरं. काही गाड्यांत लेन असिस्ट साठच्या आसपासच जागं होतं, तेव्हा तेवढा स्पीड धरता येईल असाच रस्ता निवडा.

यात एक फसवी गोष्ट आहे ती नीट लक्षात ठेवा. ब्रेक दाबला की क्रूझ बंद होतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर बंद होत नाही, फक्त बाजूला होतं, म्हणजे तुमचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर आहे तोवर क्रूझ तुमच्यासाठी ब्रेक मारणार नाही, कारण तिला वाटतं मालकाने मुद्दाम दाबलंय. ओव्हरटेक करताना थोडा पाय दिला, ओव्हरटेक झाला, पाय तसाच राहून गेला आणि आपण निवांत की गाडी बघतेय. ती बघत नाहीये. पाय उचलला की परत कामाला लागते. म्हणून क्रूझवर असताना पाय एकतर ब्रेकच्या समोर मोकळा, नाहीतर मुद्दाम अ‍ॅक्सिलरेटरवर, मधलंअधलं काही नको.

आणि एक सवय सांगतो, हसाल. विमानात दोन पायलट असतात तेव्हा ताबा देताना-घेताना तोंडाने बोलतात, माझ्याकडे आहे, तुझ्याकडे दिला, कारण दोघांनाही वाटलं की समोरचा चालवतोय तर विमान कोणीच चालवत नसतं. मी गाडीत तेच करतो. क्रूझ लावलं की "दिली", काढलं की "घेतली". बायको पहिले दोन महिने हसत होती, आता मी बोलायला विसरलो तर तीच विचारते, दिली का घेतली?

तिसरी पायरी: पहिले पंधरा दिवस फक्त क्रूझ

लेन असिस्ट बंदच ठेवा. एकावेळी एकच गोष्ट सोपवायची. अडॅप्टिव्ह क्रूझ म्हणजे स्पीड ठरवून द्यायचा, पुढे गाडी आली की ती आपोआप कमी करते, गेली की परत वाढवते. अंतराचे तीन-चार टप्पे असतात. सुरुवातीला सगळ्यात लांबचं ठेवा. आता होणार काय, तर तुम्ही शहाण्यासारखं अंतर ठेवलं की त्या जागेत कोणीतरी घुसणार, गाडी त्याच्यासाठी परत मागे होणार, परत कोणीतरी घुसणार, आणि मागच्या सीटवरून सासरेबुवा म्हणणार की आपण मागे मागे का चाललोय. चालू द्या. शंभरच्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते, म्हणजे एसटीच्या दोन बसपेक्षाही जास्त लांबी एका सेकंदात. घुसणाऱ्याला घुसू द्या. मी आता चारपैकी तिसऱ्या टप्प्यावर ठेवतो एक्सप्रेसवेला, आणि गर्दी वाढली की सरळ काढून घेतो.

शहरात क्रूझ लावूच नका असं माझं स्पष्ट मत आहे, नवीन असेपर्यंत तरी नकोच. सिंहगड रोडला किंवा ठाण्याच्या घोडबंदरला बाइकवाले डावीकडनं उजवीकडनं इतक्या जवळून कापतात की गाडी एकतर त्याला बघतच नाही नाहीतर अशी कचकन ब्रेक मारते की मागचा येऊन आदळेल. ऑटो ब्रेक, म्हणजे धडक होणार असं वाटलं की गाडी स्वतः मारते तो, मात्र बंद करू नका. कर्कश वाजतो, त्रास होतो, कधी कधी उगाच घाबरतो, तरी राहू द्या. क्रूझ ही सोय आहे आणि ऑटो ब्रेक शेवटचा आधार, दोन्हीत गल्लत करून वैतागाने सगळंच बंद करणारे लोक मी बघितलेत.

जे तिला दिसत नाही

हा भाग मी जरा लांबवणार आहे कारण माणसं इथे मरतात.

उभी गाडी. रस्त्यात बंद पडलेला ट्रक. आपल्याला वाटतं एवढा मोठा ट्रक तर सगळ्यात आधी दिसायला पाहिजे. पण रडारची गोष्ट वेगळी आहे, हलणाऱ्या वस्तूचा वेग ते फार छान ओळखतं, आणि न हलणाऱ्या वस्तू रस्त्यावर शेकड्याने असतात, बोर्ड, पुलाचे गर्डर, रेलिंग, टोलचे खांब. त्या प्रत्येकासाठी ब्रेक मारला तर गाडी चालायचीच नाही, म्हणून पहिल्यापासून उभ्याच असलेल्या गोष्टींकडे सॉफ्टवेअर बऱ्याचदा काणाडोळा करतं आणि कॅमेऱ्याने खात्री दिली तरच मनावर घेतं. चालती गाडी तुमच्या समोर थांबली तर तिला कळतं. आधीच थांबलेली असेल तर भरवसा नाही. त्यातही सगळ्यात वाईट म्हणजे पुढची कार शेवटच्या क्षणी लेन बदलते आणि तिच्या आडोशाने लपलेला ट्रक एकदम समोर येतो, तुम्ही क्रूझवर, आणि पुढची कार बाजूला झाली म्हणून आपली गाडी उलट स्पीड वाढवायच्या बेतात.

आता आपल्याकडे ट्रक बंद पडला की काय करतात? रिफ्लेक्टरचा त्रिकोण गाडीत असला तरी बाहेर निघत नाही. मागे वीस-पंचवीस फुटांवर चार दगड मांडतात आणि झाडाची एक फांदी ठेवतात. रस्त्यात फांदी दिसली की आपल्याला लगेच कळतं, पुढे काहीतरी आहे, हे आपण लहानपणापासून शिकलोय. गाडीला फांदी म्हणजे कचरा. हे मला एकदा वाठारच्या अलीकडे नीट कळलं, फांदी दिसली, मी तोंडाने "घेतली" म्हणून ब्रेक लावला आणि डिस्प्लेवर बघितलं तर गाडी रस्ता मोकळा दाखवत होती, पुढचा ट्रक तिच्या चित्रात आलाच नव्हता.

दुसरं, उसाची ट्रॉली. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत सातारा-कराड-इस्लामपूर पट्ट्यात रात्री गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागचा लाल रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला किंवा मोळ्यांच्या खाली गेलेला, लाइट नाहीच, स्पीड पंधरा-वीसचा. कॅमेऱ्याला गाड्यांचे आकार शिकवलेले असतात, अंधारात लोंबणारी वाढी (उसाचे शेंडे) म्हणजे गाडी आहे हे त्याने ओळखावं अशी अपेक्षा करू नका. मी हंगामात त्या रस्त्याला अंधार पडला की क्रूझ लावत नाही, विषय संपला.

तसंच उलट्या बाजूने येणारा बाइकवाला, डिव्हायडरच्या फटीतून येणारी म्हैस, रस्त्यावर वाळत घातलेलं सोयाबीन. मॅन्युअलमध्ये सोयाबीन नाहीये, मी बघितलं.

चौथी पायरी: लेन असिस्ट

पंधरा दिवस झाले, क्रूझचा स्वभाव कळला, आता हे चालू करा. पांढरे पट्टे बघून गाडी लेनमध्ये राहते. पट्टे नसतील तर काही नाही. हात स्टिअरिंगवरच ठेवायचे, दोन्ही, आणि घट्ट न धरता हलके, म्हणजे ती काय करतेय ते हाताला कळतं. हात आहेत का नाही हे बऱ्याच गाड्या स्टिअरिंगवरच्या हलक्या ओढीवरून ओळखतात, म्हणून मग लोक पाण्याची बाटली अडकवतात आणि मांडी घालून बसल्याचे रील टाकतात. त्यांच्याबद्दल काय बोलणार.

इंडिकेटर. आपल्याकडे इंडिकेटर द्यायचा म्हणजे समोरच्याला आपला बेत आधीच सांगून टाकायचा असा समज आहे. इथे गाडीलाच तुमचा बेत सांगायचाय. न सांगता लेन बदलली तर तिला वाटतं तुम्हाला डुलकी लागली आणि ती परत आत ओढते. खड्डा चुकवताना हेच होतं, तुम्ही खड्ड्यापासून लांब जाताय आणि ती तुम्हाला प्रेमाने परत खड्ड्याकडे आणतेय. म्हणून जिथे रस्त्याची अवस्था वाईट आहे तिथे हे बंद. पावसाळ्यात मुंबई-गोवा हायवेला हे चालू ठेवून गेलेल्या एका मित्राचे दोन्ही खांदे भरून आले होते, रत्नागिरीपर्यंत तो गाडीशी पंजा लढवत गेला.

पण लेन असिस्टचा खरा धोका भांडणात नाही, गप्प बसण्यात आहे. पट्टे दिसेनासे झाले की ती सोडून देते, आणि बऱ्याच गाड्यांत सोडताना फक्त डिस्प्लेवरचं हिरवं स्टिअरिंगचं चित्र पांढरं किंवा राखाडी होतं, बस. आवाज नाही. क्रूझ चालूच असतं, गाडी शंभरने चाललेली असते, तुम्हाला वाटतं वळण ती घेतेय आणि ती वळण घेत नसते. खंडाळ्याच्या बोगद्यातून बाहेर पडताना डोळ्यावर उजेड येतो ना, तसा कॅमेऱ्यालाही येतो. घाटात तर वळणंच इतकी आहेत की ती मधेच हात टेकते. तेव्हा घाट सुरू व्हायच्या आधी, सरळ रस्ता असतानाच, काढून घ्या. तसंही घाटात कारला साठची मर्यादा आहे आणि ट्रकवाले तिन्ही लेनमध्ये पसरलेले असतात. वळणावर शेजारच्या लेनमधला ट्रक तिला आपल्या लेनमध्ये आल्यासारखा वाटतो आणि ती उगाच ब्रेक मारते, किंवा पुढची कार वळणामागे गेली की रस्ता मोकळा समजून पळायला लागते. धुक्यात आणि जोरदार पावसातही तेच, वायपर फुल स्पीडला लावायची वेळ आली म्हणजे कॅमेऱ्याची नजर गेली असं समजा.

रिझ्यूम बटण

म्हणजे आधी ठरवून दिलेला स्पीड परत धरायला सांगणारं बटण. याला वेगळी पायरी कशाला असं वाटेल. उर्से टोलनाक्याच्या पुढे मी एकदा बाहेर पडलो, सर्व्हिस रोडला लागलो, समोर एक शाळेची रिक्षा होती ती वळली, आणि आवाज कमी करायला गेलो तो अंगठा रिझ्यूमवर पडला. गाडीला शंभर आठवत होते. तिने इमानदारीने शंभरकडे धाव घेतली. मी लगेच ब्रेक लावला, काही झालं नाही, पण बाजूला पाणीपुरीचा गाडा होता तो माणूस माझ्याकडे जे बघत होता ते विसरणार नाही. एक्सप्रेसवे सोडला की क्रूझ नुसतं कॅन्सल नको, मेन स्विचनेच बंद करा म्हणजे बऱ्याच गाड्यांत आठवणच पुसली जाते.

कंटाळ्याचं काय करायचं

आता सगळं शिकलात, तीन महिने झाले, गाडी छान चालतेय, काहीच होत नाहीये. धोका आता सुरू झाला. गाडी वाईट चालवत असते तोवर आपण जागे असतो, ती चांगली चालवायला लागली की आपण झोपतो. हे काही मी शोधलेलं नाही, लिझॅन बेनब्रिज नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच कारखान्यांमधल्या यंत्रांबद्दल मांडलं होतं, की यंत्र जेवढं चांगलं तेवढी माणसाची सवय जाते आणि नेमकं सगळ्यात अवघड वेळी त्याच माणसाला पुढे बोलावलं जातं. गुगलने २०१३ च्या सुमारास आपल्याच कर्मचाऱ्यांना अशा गाड्या चालवायला दिल्या होत्या, लक्ष ठेवा असं बजावून, आत कॅमेरे लावून. लोक फोनवर, कोणी मेकअप करतंय, कोणी चक्क झोपलेलं. त्यांनी तो नादच सोडला आणि ठरवलं की एकतर पूर्ण गाडीने चालवायची नाहीतर नाही. आज त्यांच्या वेमोच्या टॅक्सीत सॅन फ्रान्सिस्कोला ड्रायव्हर सीटवर कोणी नसतं ते यामुळे.

समृद्धीवर हे फार जाणवतं. ७०१ किलोमीटर, कारला १२०ची परवानगी, बाइक-रिक्षांना बंदी, पट्टे स्वच्छ, वळणं नावाला. एडाससाठी याहून चांगला रस्ता आपल्याकडे नाही आणि डुलकीसाठीही नाही. मी काय करतो तर दर वीसेक मिनिटांनी ताबा काढून घेतो आणि पाच मिनिटं स्वतः चालवतो, गरज असो नसो. आरसे बघतो, पुढच्या तीन गाड्यांचे रंग मनात म्हणतो. दोन तासांनी चहाला थांबणं तर आहेच. आणि झोप येत असताना क्रूझ लावायचं नाही. लोक नेमकं उलटं करतात, झोप येतेय म्हणून लावतात.

फोनबद्दल एकच सांगतो. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत टेम्पी नावाच्या गावात उबरची चाचणीतली स्वयंचलित गाडी सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला धडकली आणि ती बाई दगावली. तपासात निघालं की गाडीला ती ५.६ सेकंद आधी दिसली होती, पण ही गाडी आहे का सायकल का आणखी काही यातच ती घोळत बसली, आणि लक्ष ठेवायला बसवलेली ड्रायव्हर फोनवर कार्यक्रम बघत होती. कंपनीवर फौजदारी गुन्हा लागला नाही. ड्रायव्हरवर लागला, २०२३ मध्ये तिने त्याहून सौम्य गुन्हा कबूल केला.

बाहेरच्या देशात काय चाललंय

जर्मनीतल्या भाच्याने विचारलं म्हणून थोडक्यात. मर्सिडीजच्या लेव्हल तीनच्या यंत्रणेला तिथे डिसेंबर २०२१ मध्ये मंजुरी मिळाली, सुरुवातीला फक्त ताशी ६० किलोमीटरपर्यंतच्या स्पीडला, हायवेच्या ट्रॅफिकमध्ये. संयुक्त राष्ट्रांच्या नियमात ताबा परत घ्या म्हणून हाक दिल्यावर माणूस आलाच नाही तर किमान दहा सेकंद वाट बघून मग गाडीने स्वतः सुरक्षित थांबायचं असं आहे, आणि त्या क्षणी कोण चालवत होतं याची नोंद ठेवणारं यंत्र गाडीत हवं. तुमच्या-माझ्या गाडीला यातलं काही बंधन नाही. ती बऱ्याचदा हाकच देत नाही, दिली तरी दहा सेकंद देत नाही. आपल्याकडे ड्रायव्हरलेस गाड्या येऊ देणार नाही असं गडकरी साहेब डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात परत म्हणाले, ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील म्हणून, तेव्हा तो विषय तूर्तास लांबच आहे.

घरातले बाकीचे आणि ड्रायव्हर काका

गाडी तुम्ही शिकलात, पण चालवणारे चार जण. आमच्या बाबांनी पहिल्यांदा घेतली आणि लेन असिस्टने स्टिअरिंग ओढल्यावर अ‍ॅलाइनमेंट गेलंय म्हणून टायरवाल्याकडे नेली. रोजंदारीवर ड्रायव्हर बोलावत असाल तर चावी देण्याआधी दहा मिनिटं त्यांना नीट सांगा, किंवा सरळ लेन असिस्ट बंद करून द्या. 'येतंय ना हो काका?' विचारलं की ते हो म्हणतातच, त्यावर जाऊ नका, बटण दाखवायला लावा. आणि बऱ्याच गाड्यांत बंद केलेलं लेन असिस्ट गाडी परत सुरू केली की आपोआप चालू होतं, तेही सांगा.

शेवटचं, काच. मागच्या मे महिन्यात ट्रकमागे चालताना दगड उडाला आणि काचेला तडा गेला. वर्कशॉपमध्ये बदलून घेतली, विम्यात बसली, मी खूश. नंतरच्या फेरीला कामशेतच्या पुढे मला जाणवलं की गाडी लेनच्या मधे न चालता डावीकडे चिकटून चाललीये, फार नाही, वीतभर. हात हलके ठेवायची सवय होती म्हणून हाताला कळलं, नुसतं बघून कळलं नसतं. काच बदलताना कॅमेरा काढून परत लावतात, त्यानंतर तो कुठे बघतोय हे मशीनवर परत जुळवावं लागतं, ते त्यांनी केलंच नव्हतं, आणि विचारलं तर म्हणे वॉर्निंग आली नाही ना, मग ठीक आहे. भांडून करून घेतलं. तेव्हा काच बदलली, पुढचा बंपर काढला, किंवा सस्पेन्शनचं काम झालं तर बिलात कॅलिब्रेशनची ओळ आहे का ते बघूनच चावी घ्या, आणि पहिले पन्नास किलोमीटर काहीच न लावता स्वतः चालवा.